सव्वीस टिकल्या

मावशींना राग आला की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. एरवी त्या बोलायच्या ते गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं. पण रागावल्या की आवाज खाली, आणखी खाली जायचा आणि शेवटी समोरच्याला वाकून ऐकावं लागायचं. आपल्यालाच झापलं जातंय आणि ते आपणच वाकून ऐकायचं, ही शिक्षा मी तीन वर्षं भोगली. शेवटची शिक्षा मी स्वतःच्या हातानं ओढवून घेतली. तिच्याबद्दल लिहायला बसलो की आजही डोकं तापतं, आणि तो राग कुणावर काढायचा हे शोधायला मला लांब जावं लागत नाही.

सोमाटण्याजवळ एका गाळ्यात माझा बेस गिटारींचा छोटा ब्रँड आहे, ‘खर्ज’ नावाचा. बेस गिटार म्हणजे बँडमधली ती लांब मानेची, चार जाड तारांची गिटार. ती वाजत असताना कुणाचं लक्ष नसतं, पण थांबली की गाण्यातून काहीतरी निघून गेल्याचं सगळ्यांना कळतं. पंधरा वर्षं मी ती लोणावळ्यातल्या हॉटेलांत वाजवली. मग एका मित्राला भागीदार केलं आणि हा धंदा काढला. आकार, लाकूड, तारा आम्ही ठरवायच्या, चीनमधला एक कारखाना चाळीस-चाळीसच्या खेपेत गिटारी बनवून पाठवायचा, आणि आम्ही त्या तपासून विकायच्या. ‘तपासून’ हा शब्द तेव्हा फक्त आमच्या जाहिरातीत होता.

मावशी वडगावच्या. तळेगावच्या बाजूला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत त्या बावीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होत्या. कंपनीनं तिथं कॅमेरे बसवले आणि टेबलावरच्या सगळ्या बायकांना घरी पाठवलं. शेजारच्या गाळ्यात काम मागायला आल्या होत्या, तिथं नाही म्हणाल्यावर आमच्या दारात उभ्या राहिल्या. झाडलोटीचं काम आहे, असं मी सांगितलं. झाडलोट घरी करते, हितं तपासनीचं काय हाय, असं त्यांनी विचारलं. मला हसू आलं. थट्टा म्हणून एक गिटार त्यांच्यापुढे धरली आणि म्हटलं, सांगा हिच्यात काय खोट आहे.

त्यांनी ती उचलली, एक डोळा मिटून गिटारीच्या मानेवरून नजर टाकली. मग दोन्ही डोळे मिटले आणि तळवा मानेवरून वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवला.

“पिळलीय,” त्या म्हणाल्या. “आनि हितं पट्टी भाएर आलीय. हात कापंल.”

पट्टी म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या फ्रेटपैकी एक. मी फूटपट्टी लावून पाहिलं. मान पिळलेली होती. ती गिटार मी स्वतः वाजवून, खूश होऊन बाजूला ठेवली होती. पंधरा वर्षांचा बेसवाला मी, आणि जन्मात गिटार हातात न धरलेल्या बाईनं मला अर्ध्या मिनिटात उघडं पाडलं होतं. मला आधी रागच आला. तरी दुसऱ्या दिवसापासून या, असं मी म्हणालो, एवढंच माझ्या बाजूनं सांगण्यासारखं आहे.

कंपनीत नापास मालाला लाल गोल स्टिकर लावायचे. आमच्याकडे कसले स्टिकर? पहिल्या दिवशी मावशींनी पिशवीतून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि नापास गिटारीच्या डोक्यामागे एक लाल टिकली लावून टाकली. पुढे मी छापील स्टिकर आणून दिले तरी त्यांनी ते वापरले नाहीत, त्यांचा गोंद लाकूड खराब करतो म्हणाल्या. वडगावच्या बाजारातून त्या टिकल्यांची पाकिटं घेऊन यायच्या. टिकली लागलेली गिटार पुन्हा दुरुस्त होऊन त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय विकायची नाही, हा नियम त्यांनीच केला. मी कधी घड्याळाकडे बघून म्हणायचो, मावशी, एवढं चालेल. मग आवाज उतरायचा. “चालंल म्हंतोय म्हंजी चालत न्हाई, हे तुमाला बी म्हायती हाय, दादा.” मी त्यांच्यासाठी दादा होतो. राग फारच वाढला तर साहेब व्हायचो.

पास झालेल्या गिटारीबरोबर खोक्यात एक कार्ड जायचं. त्यावर ‘तपासली’ असं छापलेलं आणि खाली मावशींची निळ्या शाईतली सही, ‘सुमन’. ही कल्पना माझी होती, पण तिला वजन आलं ते त्यांच्यामुळे. त्या कार्डावर सही करण्याआधी हात धुवायच्या, पुसायच्या, मग खुर्चीत बसून सावकाश ‘सुमन’ लिहायच्या. गिटारी घेणारे त्या कार्डाचे फोटो काढून इंटरनेटवर टाकायला लागले. ही सुमन कोण, असं विचारायला लागले. मी एकदा ते फोटो मावशींना दाखवले. त्यांनी चष्मा लावून एकेक नीट पाहिला. फोटोतल्या एका गिटारीच्या तारा फार वर आहेत, त्या माणसाला कळवा, एवढंच म्हणाल्या. मात्र त्या दिवशी घरी निघताना एक कोरं कार्ड मागून नेलं.

आमच्या जाहिरातीच्या चित्रीकरणाला मुंबईहून एक नावाजलेला वादक आला होता. मावशी मागे टेबलावर काम करत होत्या. कॅमेरावाला म्हणाला, त्या बाईंना जरा फ्रेमच्या बाहेर घ्या. वादकानं तेवढ्यात चहा सांगितला, तोही मावशींकडे बोट करून. मी काय केलं? मी म्हणालो, मावशी, जरा बाहेर थांबा, आणि येताना चहाचं बघा. त्या बाहेर गेल्या. चहा आणला नाही. दोन तास उन्हात पायरीवर बसून राहिल्या. सगळे गेल्यावर आत आल्या आणि वादकानं वाजवलेली गिटार उचलून टेबलावर घेतली. त्या दिवशी त्या मला काही बोलल्या नाहीत, आणि मी बरं झालं असं समजून घरी गेलो. मला तेव्हाच कळायला हवं होतं की मी कोणत्या जातीचा भित्रा आहे.

माल बनत असताना कारखान्याशी व्हिडिओवर बोलणं व्हायचं. एकदा मावशींनी फोन माझ्या हातातून घेतला आणि तिकडच्या मॅनेजरला खुणेनं सांगितलं, तपासणीवालं माणूस बोलाव. एक पन्नाशीची बाई पडद्यावर आली. तिच्या गळ्यात चष्मा दोरीनं अडकवलेला, मावशींच्याही तसाच. मावशी मराठीत बोलत होत्या, ती तिच्या भाषेत. मावशींनी गिटारीची मान कॅमेऱ्यासमोर धरली, तळवा फिरवला आणि एका जागी थांबवला. तिकडच्या बाईनं मान डोलावली आणि तिच्याकडची गिटार उचलून अगदी त्याच जागी बोट ठेवलं. मग तिनं लाकडातली ओल मोजायचं यंत्र लावून आकडा दाखवला. पाचेक मिनिटांत दोघींचं एकमत झालं. नव्या खेपेचं लाकूड ओलं होतं, अजून दोन महिने वाळायला हवं होतं. मॅनेजरनंही ते मान्य केलं. उशीर चालणार असेल तर थांबतो, असं त्यानं मला स्वच्छ सांगितलं.

उशीर आम्हाला चालणार नव्हता. भागीदारानं चाळीसच्या चाळीस गिटारींची नोंदणी घेऊन ठेवली होती, दिवाळीच्या आत घरपोच असा शब्द देऊन. मी मॅनेजरला म्हणालो, पाठवा. मावशींना सांगितलं, त्यांनी वेगळं लाकूड वापरलं. हे पहिलं खोटं.

खेप पाऊस सरता सरता आली. मावशींनी आठ दिवस घालवले. चौदा पास केल्या, सव्वीस गिटारींना टिकल्या लावल्या. वरून बघाल तर त्या गिटारी सुरेख होत्या. मावशी म्हणाल्या, आता हवेत ओल हाय म्हनून गप हायेत, थंडी पडली की लाकूड आटंल आणि माना पिळतील, पट्ट्यांची टोकं भाएर येतील. दोन महिने गाळ्यात राहू द्या, मग मी एकेक बगते. तेवढ्यात तिकोणा पेठेतली त्यांची बहीण आजारी पडली आणि त्या दोन दिवसांची सुट्टी घेऊन गेल्या.

भागीदार त्याच दुपारी कार्डांचा एक गठ्ठा घेऊन आला. त्यानं मावशींची सही जुन्या कार्डावरून उचलून निळ्या रंगात छापून घेतली होती. ओळखू येणार नाही इतकी चांगली. मला तो आजही भेटला तर मी रस्ता बदलतो, पण खरं सांगायचं तर त्यानं फक्त कार्डं आणली. टिकल्या मी काढल्या. एकेक करून, नखानं, सव्वीस. त्या टेबलाच्या कडेला चिकटवत गेलो, कारण खाली टाकवेनात. मग खोकी बंद केली आणि कुरियरची गाडी भरून दिली.

मावशी परत आल्या. रिकामी मांडणी बघितली. टेबलाच्या कडेला टिकल्यांची रांग बघितली. बोट ठेवून त्या मोजल्या.

“कुनी काडल्या?” मला पुढे वाकावं लागलं.

“मी.”

“कार्ड?”

मी टेबलाकडे पाहिलं. गठ्ठ्यातलं उरलेलं एक कार्ड तिथं पडलं होतं, ते त्यांनी उचललं. स्वतःची सही पाहिली, तिच्यावरून अंगठा फिरवला, शाई पसरते का बघितलं.

“सायेब, बावीस वर्सांत कंपनीनं मला लय कायकाय केलं. पन माज्या नावानं खोटं कुनी लिवलं न्हवतं.”

मी धंद्याचं, नोंदणीचं, दिलेल्या शब्दाचं काहीतरी बोललो. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग कपाटातली कुरियरची वही काढली, टेबलाशी बसल्या, स्वतःचा फोन काढला आणि पहिला नंबर लावला. नाशिकचा एक माणूस होता. त्या त्याला म्हणाल्या, मी सुमन बोलतेय, तुमच्या खोक्यात माजं कार्ड हाय, त्याच्यावरची सही मी केलेली न्हाई, ती गिटार मी पास केलेली न्हाई, परत पाठवा. असं तिघांना. हिंदी लागली तिथं मोडक्या हिंदीत. मी समोर उभा होतो. फोन हिसकावून घ्यायची हिंमत झाली नाही आणि त्यांच्या शेजारी बसून चौथा नंबर लावायचीही झाली नाही.

भागीदार आला, त्याला प्रकार कळला आणि तो तोंडाला येईल ते बोलायला लागला. पोलिसात देतो म्हणाला. हिला आत्ताच्या आत्ता घालव, नाहीतर मी चाललो, म्हणाला. मावशी माझ्याकडे बघत होत्या. त्या दुसऱ्या कुणाकडे बघतच नव्हत्या.

“मावशी, उद्यापासून येऊ नका,” मी म्हणालो.

त्यांनी वही मिटून कपाटात ठेवली. चष्मा, टिकल्यांचं पाकीट आणि पाण्याची बाटली पिशवीत घातली आणि गेल्या. उरलेले तेवीस नंबर त्यांनी आधीच उतरवून घेतले होते, हे आम्हाला दोन दिवसांनी कळलं. वडगावच्या एसटी थांब्यावर बसून त्यांनी एकेकाला फोन केला होता. काही जण हसले, काहींनी आम्हाला फोन करून विचारलं आणि ती बाई कामावरून काढलेली आहे, डूख धरून बोलते, हे भागीदाराचं उत्तर खरं मानलं. तो ते उत्तर देत होता तेव्हा मी शेजारीच उभा होतो. चौघांनीच गिटारी परत पाठवल्या.

थंडी पडली आणि तक्रारी सुरू झाल्या. माना पिळल्या. फ्रेटची टोकं बाहेर आली. एकानं कापलेल्या तळहाताचा फोटो पाठवला आणि बाजूला ते कार्ड ठेवलं होतं, ‘तपासली, सुमन’. लोक आम्हाला कमी आणि सुमनला जास्त शिव्या देत होते. ते वाचताना माझं डोकं फिरलं, पण फार उशिरा. भागीदार म्हणाला, गिऱ्हाइकांनीच नीट ठेवल्या नाहीत असं कळवू. त्या दिवशी आमची भागीदारी संपली. ज्यांच्या ज्यांच्या हातात ती सही गेली होती त्या सगळ्यांना मी लिहिलं की सही खोटी आहे, गुन्हा माझा आहे, गिटार बदलून देतो. कारखान्यानं या वेळी लाकूड पुरतं वाळवलं. पावसाळा मधे गेला, माझं निम्मं वर्ष त्यात गेलं.

मग मी मावशींना भेटायला गेलो. त्या पवना धरणाकडच्या एका गुलाबाच्या पॉलिहाउसमध्ये लागल्या होत्या. पत्र्याच्या शेडमध्ये लांब टेबलाशी आठ-दहा बायका फुलं निवडत होत्या. मावशी प्रत्येक दांडी टेबलावरच्या खुणेशी लावून बघायच्या, पाकळ्या उलगडून बघायच्या आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायच्या. मला पाहिलं तरी हात थांबला नाही. मी उभ्याउभ्याच माफी मागितली. परत या म्हणालो. गाळा तुमच्या म्हणण्याप्रमाणे चालेल, तुम्ही थांबा म्हणाल तिथं थांबेन.

“तुमी चुकला असता तर आले असते,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा होता, शेडभर ऐकू जाईल असा. “चूक मानसाकडून होतीच. तुमी चुकला न्हाई. तुमी बसून, एकेक करून केलं.”

शेजारच्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मावशींनी आणखी दोन फुलं ठेवली आणि विचारलं, गिटारी बदलून दिल्या का. मी म्हणालो, दिल्या.

“समद्या?”

“दोन राहिल्यात. ते दोघं फोन उचलत नाहीत.”

“पत्ते हायेत?”

“आहेत.”

त्यांनी पुढची दांडी उचलली.

“मग हितं काय करताय?”