तीन तासांचा काठ

आप्पा, माझे वडील, वडगावात साड्यांच्या काठांची नक्षी काढायचे. कागदावरची एकेक चौकट पेन्सिलीनं भरायची आणि त्याबरहुकूम माग चालायचा. त्यामुळं इस्पितळात ईसीजी काढला, तेव्हा मशीनमधून आलेला गुलाबी चौकटींचा कागद त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या आधी हातात घेतला.

“सगळे कळस सारखे हायत. कुठं तार तुटल्याली न्हाय,” त्यांनी निकाल दिला. “चल गं घरला.”

सकाळपासून छातीवर दगड ठेवल्यागत होतंय, असं तेच म्हणाले होते. आता तो दगड नव्हता, गॅस होता.

बाई म्हणाल्या, ईसीजी चांगला आला तरी भरवसा नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाली असेल, तर त्यातलं ट्रोपोनिन नावाचं प्रथिन हळूहळू रक्तात उतरतं. आत्ता एकदा रक्त घेतलंय, तीन तासांनी पुन्हा घेऊ. वाढलेलं दिसलं तर हार्ट अटॅक. तोवर घरी पाठवणं धोक्याचं. हे त्या कन्नडमधून सांगत होत्या. आप्पांचं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं, पण त्या दिवशी त्यांना ते अजिबात कळेना. बाईंनी तेच मराठीत सांगितलं, तर त्यांना ऐकू येईना.

“दोनदा रगत कशाला? पहिलं सांडलं व्हय?” बाई गेल्यावर ते चपला शोधू लागले. चपला आत्यानं, त्यांच्या थोरल्या बहिणीनं, पिशवीत घातल्या होत्या आणि पिशवीवर ती स्वतः बसली होती.

“आक्का, चपला दे.”

“अनवाणी जा की रं. काळीज घट्ट हाय न्हवं तुझं?”

ते खरंच अनवाणी निघाले. मला भांडता येत नाही. घरात आवाज चढले की मी पुस्तकात तोंड घालते. मी ईसीजीकडं बघत हळूच म्हटलं, “आप्पा, ह्याचा काठ मात्र होणार नाही.”

ते दारात थांबले. “कोण म्हणतंय?”

नर्सनं कागदाची झेरॉक्स दिली, मी पेन्सिल दिली. आप्पा कॉटवर मांडी घालून बसले. ईसीजीच्या रेघेचा एकेक कळस ते पेन्सिलीनं गिरवू लागले आणि दोन कळसांच्या मध्ये त्यांनी एकेक मोरपीस बसवलं. दुसऱ्यांदा रक्त घेताना डावा हात सुईला दिला, उजवा थांबवला नाही. सुई टोचली तशी पेन्सिल उसळली आणि एक कळस चार चौकटी वर गेला. मी खोडरबर पुढं केला.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले.

ट्रोपोनिन चांगलंच वाढलं होतं. बाईंनी दिलेला रिपोर्ट आप्पांनी कापड बघतात तसा उलटा करून पाहिला, आणि मग मुकाट्यानं आडवे झाले. उपचार वेळेत मिळाले. त्यानंतर ते सहा वर्षं जगले. तो काठ मागावर चढला. पहिली साडी आत्याची.

गेल्या महिन्यात ते गेले. भेटायला आलेल्या बायकांपैकी एकीनं आत्याच्या साडीचा काठ चिमटीत धरून विचारलं, ही कुठली नक्षी?

“माझ्या भावाचं काळीज हाय ते,” आत्या म्हणाली.

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी पुस्तकाआड तोंड लपवलं.

“आन् ह्यो उंच कळस दिसतोय न्हवं,” आत्या बोट ठेवून म्हणाली, “हितं सुई टोचलीया.”