तलावातलं नाव

जगाचा अजेंडा ठरत होता तेव्हा मी कोहमाऱ्याच्या चौकात उभी राहून एसटीला शिव्या देत होते. दोन हजार दहा-अकराच्या सुमाराची गोष्ट. मी एका लहानशा संस्थेत समाजकार्यकर्ती होते. आमचं ऑफिस चौकातल्या टायरच्या दुकानावर होतं. खाली ट्रकवाले हवा भरून घेत आणि वर आम्ही महिला सक्षमीकरणाची रजिस्टरं भरत असू. दोन्हींत हवेचंच काम, असं मी म्हणायची, पण तेव्हा ते गमतीत म्हणायची.

संस्थेचे मुख्य कार्यकर्ते, आमचे सर, नागपूरला राहत. एक दिवस त्यांचा फोन आला. जगभरातले समाजकार्यकर्ते मिळून समाजकार्याचा आणि सामाजिक विकासाचा एक सामायिक अजेंडा तयार करणार होते. त्यासाठी तळागाळातल्या लोकांचे आवाज गोळा करायचे होते. "तुमच्या गावातला आवाज थेट जगापर्यंत जाणार आहे," सर म्हणाले. सरांच्या बोलण्यात 'थेट' हा शब्द फार यायचा. स्वतः ते आमच्या गावांत वर्षातून एकदा यायचे, तेही जेवणाच्या वेळेला.

मी गाव निवडलं ते नवेगाव बांधच्या पलीकडचं, एका जुन्या तलावावर जगणारं. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून तिथंच राहतात. तलाव मच्छीमार सोसायटीकडे होता. सोसायटीत ज्याचं नाव असेल त्यालाच जाळं टाकता येई, आणि सगळे मिळून मोठं जाळं ओढत, त्या ओढणीच्या दिवशी वाटा मिळे. नाव नसेल तर दुसऱ्याचे मासे साफ करायचे नाहीतर धानाच्या रोवणीला जायचं.

समाजमंदिरात पंचवीसेक बाया जमल्या. मी रंगीत कार्डं वाटली. एका कार्डावर एकच विचार, असा सरांचा नियम. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं मी लिहून घेत होते. मागच्या रांगेत पस्तिशीची एक बाई बसली होती. वर्षभरापूर्वी तिचा नवरा तापाने गेला होता. तिला सही करता यायची, त्यापुढे नाही. मी तिच्याजवळ गेले आणि विचारलं, जगाला काय सांगायचं आहे? तिने जराही वेळ घेतला नाही.

"तलावात माहं नाव पाह्यजे."

मी हिरव्या कार्डावर तेच लिहिलं. मग तिने ते कार्ड हातात धरलं आणि मी फोटो काढला.

सभा संपल्यावर ती थांबली. नवऱ्याच्या जागी तिचं नाव चढवायचा विषय सोसायटीच्या वार्षिक सभेत येणार होता. पण सोसायटीच्या कमिटीवर तिचा भासरा होता. आमच्याकडे नवऱ्याच्या थोरल्या भावाला भासरा म्हणतात. भावाची ती जागा स्वतःच्या घरात घ्यायची असं त्याने मनात धरलं होतं आणि गावाला ते ठाऊक होतं. भासऱ्यापुढे भावाच्या बायकोने जायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, तो चावडीवर बसला असेल तर मागच्या गल्लीने घर गाठायचं, ही तिथल्या कितीतरी घरांची रीत. तो वाईट आहे म्हणून नव्हे. देवमाणूस असता तरी हीच रीत.

"तुमी येजा न् मायासाठी बोलजा," ती म्हणाली. "तुमचं आयकतीन. मले तं त्याच्यासमोर तोंड उघडता येत नाई."

"येते," मी म्हटलं. तिच्या हातावर हात ठेवून म्हटलं. तिचं बाकी मागणं काहीच नव्हतं. त्या दिवशी एका माणसाने येऊन चार वाक्यं बोलायची, एवढंच.

पुढच्या आठवड्यात सरांचा फोन. नागपूरच्या विचारविनिमयाची तारीख ठरली होती, आणि ती नेमकी सोसायटीच्या सभेची होती. परदेशातून एक पाहुण्या येणार होत्या. मला पाच मिनिटं बोलायचं होतं, गावाच्या वतीने. मी सरांना अडचण सांगितली. ते म्हणाले, "एका बाईचा प्रश्न की लाखो बायांचा? जरा मोठा विचार करा."

खापर सरांवर फोडून मोकळं होता आलं असतं, आणि बरीच वर्षं मी तेच केलं. खरं असं की मला जायचं होतं. दहा वर्षं समाजकार्य करून मला कुणी माईकसमोर उभं केलं नव्हतं. सरांनी नाव घेतलं आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. गोंदियाला जाऊन मी कोसाची साडी घेतली. तेही सांगून टाकते.

जाण्याआधी त्या बाईकडे गेले. सोबत अर्ज लिहूनच नेला होता. अक्षर सुरेख, मुद्दे तीन, खाली तिची सही घेतली.

"मी नसले तरी काही अडत नाही, वयनी," मी म्हटलं. "हा कागद सभेत सेक्रेटरीच्या हातात द्यायचा. कागदावर सगळं आहे. कागद बोलेल."

तिने कागद उलटसुलट पाहिला. "टेबलापाशी जाऊन द्या लागन का?"

"हो. त्यात काय?"

"बरं," ती म्हणाली.

मी आमगावची. आमच्या घरी आजोबांच्या पिढीत धम्मदीक्षा झाली तेव्हा देवांसोबत बऱ्याच रिती घराबाहेर गेल्या. माझी आई तिच्या भासऱ्याला भर अंगणात सुनावायची आणि तो बापडा खाली मान घालून ऐकायचा. त्यामुळे ही रीत मला माहीत होती ती प्रशिक्षणाच्या फाइलीतून. त्या रितीने पाय कसे जागच्या जागी थिजतात, हे मला कधी भोगावं लागलं नव्हतं. त्या 'बरं'मध्ये काय होतं ते माझ्या आईला बसल्या जागी कळलं असतं. ती चौथी पास होती.

नागपूरचा हॉल गार होता, खुर्च्यांना पांढरे अभ्रे होते. भिंतीवर चार मोठे तक्ते लावले होते. समता, प्रतिष्ठा, पर्यावरण आणि माणसामाणसांतले संबंध. गावोगावची कार्डं या चारांत बसवायची होती. माझं हिरवं कार्ड घेऊन दोन प्राध्यापक बराच वेळ वाद घालत होते की हे समतेत जातं की प्रतिष्ठेत. शेवटी ते समतेत चिकटवलं आणि शेजारी कुणीतरी लिहिलं, 'संसाधनांवर स्त्रियांचा समन्यायी अधिकार'. तिच्या चार शब्दांचेही तिथे चारच शब्द झाले, पण त्यांतला एकही तिला कळला नसता.

मी पाचच्या जागी बारा मिनिटं बोलले. आणि काय बोलले? तीच गोष्ट सांगितली. भासरा म्हणजे काय, ही बाई त्याच्यापुढे उभी का राहू शकत नाही, तिचा आवाज कसा दाबला गेला आहे, सगळं रंगवून. मला ते इतकं नीट समजावून देता येत होतं, आणि त्याच दिवशी मी तिला एकटीला त्याच्यापुढे पाठवलं होतं. बोलताना हे माझ्या डोक्यातही आलं नाही. पाहुण्याबाईंना दुभाष्याने सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे टिपले. टाळ्या खूप वाजल्या. चहाला तीन जणांनी माझा नंबर घेतला. त्यांच्यापैकी एकाचाही फोन आजवर आलेला नाही.

दोन दिवसांनी गावात गेले. ती अंगणात भांडी घासत होती. मी विचारण्याआधीच शेजारीण बोलली, "गेली होती न् ताई. पुरा टाइम भायेरच्या लिंबापाशी उभी होती, कागद घेऊन. भासरा दारासमोरच बसून होता. कशी जाईन?"

आत सगळे विषय झाले. तिच्या नवऱ्याचं नाव निघालं, भासऱ्याने स्वतःच्या घरातलं नाव सुचवलं. कुणाची हरकत आहे का, असं विचारलं गेलं. हरकत आली नाही आणि ठराव झाला. माणसं उठून बाहेर आली तेव्हा ती झाडामागे सरकली.

तिने हात पुसले, आत गेली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतला अर्ज आणून मला परत दिला. त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती.

मग मी धावपळ केली, ती कुणाच्या कामाची? गोंदियाच्या सहकार कचेरीत वर्षभर खेटे घातले. तिथला बाबू दर वेळी तेच म्हणायचा, "मॅडम, ठराव तो हो गया. ऑब्जेक्शन किसने लिया था? नाम बताइये." नाव नव्हतं. हरकत घ्यायचं माझं काम होतं आणि मी त्या वेळी नागपुरात टाळ्या घेत होते.

पुढे सरांनी छापलेली पुस्तिका आली. गुळगुळीत कागद, सगळी इंग्रजी, चार प्रकरणं. समतेच्या प्रकरणात तिचा फोटो होता, हातात हिरवं कार्ड. ती पुस्तिका मी तिच्याकडे का नेली? तिला बरं वाटेल असं स्वतःला सांगितलं होतं. खरं तर माफी हवी होती, आणि ती मागायची हिंमत नव्हती म्हणून पुस्तक नेलं.

ती तलावाच्या पाळीवर दुसऱ्यांचे मासे साफ करत होती. हात ओले म्हणून तिने पुस्तक घेतलं नाही, मीच उघडून धरलं. फोटो तिने निरखून पाहिला.

"खाली का लिवलं हाये?"

मी मराठीत सांगितलं. लिहिलं होतं की या स्त्रीचा आवाज आज जगापर्यंत पोहोचला आहे.

"म्हंजे मी बोलली असं लिवलं हाये?"

"हो."

"मी कुठं बोलली? बोलल्या तं तुमी. नागपूरले."

मी मान हलवली. तिने पुढचा मासा उचलला, खवले काढले, पाण्यात बुडवला. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती अगदी साध्या आवाजात, जणू माझी एक बारीकशी चूक दुरुस्त करावी तशी म्हणाली,

"नागपूरले तं माहा भासरा नोयता, ताई. तठी तं मीबी बोलली असती."