मी अक्कांना क्षमा केली

"आवं अक्का, नळ बंद करा! तुमच्या पाण्यानं डोंगर खाली आला!"

हे ओरडणारा मी. कमरेला टॉवेल, तोंडात पेस्टचा फेस आणि समोर निम्मा सह्याद्री माझ्या मोटरसायकलवर बसलेला. हा किस्सा मी गावात इतक्यांदा रंगवलाय की दरवेळी डोंगर वाढतो. मागच्या खेपेला तर त्यात एक बिबट्याही वाहून आला. पण त्यातला एक तुकडा मी कायम गिळत आलो. कुणाला म्हणजे कुणाला सांगितला नाही. परवा एकीला सांगितला — आणि आता तुम्हाला.

खरं तर माती पाच ट्रॉल्या होती. बरं — तीन.

आमची घरं वाईच्या बाहेर, उतारावर. खाली मी, वर मगदूम अक्का. सांगलीकडच्या, जैन, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. पाणी गाळून पिणार, भाजी धुतलेलं पाणी तांब्यातांब्यानं मोगऱ्याला घालणार. त्यांच्या वर्षभराच्या पाण्यात माझ्या म्हशीचं शेपूट भिजलं नसतं. असली बाई डोंगर पाडेल?

मग पाडला कुणी? थांबा, येतोय तिकडं.

वास्तुशांतीला पाचशे पानं एकाच पंगतीत बसवायची, हा माझा हट्ट. अंगण पुरेना. म्हणून उन्हाळ्यात जेसीबी आणला — आणि काय सांगू गड्या, काय तो दिवस! निम्मं गाव बघायला लोटलं. बायका तव्यावरच्या भाकरी तव्यावर सोडून आल्या. तो लोखंडी हात डोंगरात घुसला की माझ्या अंगावर काटा! "आनखी घे रं! आनखी आत!" मीच नाचत होतो. मुरूम असा सुटत होता, जसा खरवस. संध्याकाळपर्यंत दोन पुरुष उंचीचा सरळ उभा काप झाला, थेट अक्कांच्या कुंपणाखाली.

आणि मला कळत नव्हतं, असं नाही. तेच तर — मी लष्करातला हवालदार! सगळी नोकरी डोंगर कापून रस्ते करण्यात गेली. काप उभा ठेवायचा नसतो, टप्पे घ्यायचे, पायथ्याला दगडी भिंत, भिंतीत पाणी निघायला भोकं — हे मी झोपेतसुद्धा म्हणेन. जवानांना ओरडून ओरडून शिकवलंय. पण टप्पे घेतले असते तर पंगत तीनशेवर आली असती ना? आणि भिंत... भिंत पुढच्या वर्षी.

पंगत झाली. जिलेबी कमी पडली नाही.

भाद्रपदात पाऊस चार दिवस हटला नाही आणि ती सकाळ उजाडली. अक्का कुंपणाशी धावत आल्या. त्यांनी काही विचारण्याआधीच माझ्या तोंडून ती आरोळी निघाली. ठरवून? नाही हो. पण लोक जमले, तेव्हा मागं घेतली का? उलट चढवली! अक्कांचा शोषखड्डा तुंबलाय, मोगऱ्याखाली तळं साचलंय... हवालदार सांगतोय म्हटल्यावर शंका कोण घेणार? अक्कांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला हात जाईल एवढी — बरं, बोट जाईल एवढी — भेग पडली होती. त्यांनी मोगऱ्याला पाणी घालणं बंद केलं.

इथवर मी स्वतःला चालवून घेतलं. पुढचं नाही.

त्यांच्यात पर्युषण पर्व संपलं की क्षमावाणीचा दिवस येतो. वर्षभरात कळत-नकळत ज्यांना दुखावलं, त्या सगळ्यांची क्षमा मागायची. अक्का उतार उतरून माझ्या दारात आल्या. हात जोडलेले.

"माझ्या पाण्यानं तुमचं नुकसान झालं, भाऊ. क्षमा करा."

माझ्या पाठीशी तो काप — लाल, ओला, उघडा. एवढं बारा गावचं पाणी प्यालेलं माझं तोंड, आणि त्यातून काय निघालं? मी उजवा हात वर केला, देवळातल्या मूर्तीसारखा. म्हणालो, "केली, अक्का."

क्षमा! मी! त्यांना!

आणि त्या खरंच हलक्या होऊन गेल्या — तो चेहरा मला अजून दिसतो. दिवाळीनंतर भेग वाढली. आपलं घर आपणच बुडवलं असं समजून त्या कुलूप लावून सांगलीजवळ माधवनगरला भावाकडे राहायला गेल्या. काप तसाच आहे. मी रोज त्याच्यासमोर दात घासतो.

परवा सांगलीची एसटी पकडली. अक्का वाळलेले कपडे घडी करत होत्या. उभ्या उभ्याच सांगितलं — जेसीबी, पंगत, आरोळी, तो वर केलेला हात. बिबट्या नाही, सह्याद्री नाही. माती तीन ट्रॉल्या.

त्यांच्या हातातली घडी थांबली नाही.

"घराचा व्यवहार ठरलाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "घेणाऱ्यांची दोन लहान पोरं आहेत. हे त्यांना सांगा."