तक्रारवार कार्डं

सोमवार, जुन्नर. हजर: मी, शिंपीदादा आणि भाचीच्या लग्नासाठी उद्या हवा असलेला माझा ब्लाऊज, अजून बाह्यांविना.

दादा लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर मापं लिहितात आणि तोंडात टाचण्या धरूनच बोलतात. गेल्या महिन्यात मी त्यांची ही कार्डं बुटाच्या खोक्यात नावांप्रमाणे लावून दिली होती. आज पाहते तर त्यात नवेच कप्पे: ‘गळा मोठा’, ‘बाही घट्ट’, ‘उद्याच पाहिजे’.

“नाव इसरतो ताई, तक्रार न्हाई इसरत.”

“मग मी ‘उद्याच पाहिजे’त असेन.”

“तिथं लई गर्दी व्हती.” त्यांनी शेवटचा कप्पा दाखवला: ‘शिस्त लावणाऱ्या’. त्यात एकच कार्ड होतं.

ते त्यांनी झटकून, सरळ करून परत जागेवर ठेवलं. बाह्या लावायच्या बाकी आहेत.