मारुतीचे कान

मारुती माझ्या स्वप्नात आला, असं मी गावात चक्क खोटं सांगितलं.

कारण साधं होतं. पोरीची बारावीची परीक्षा तोंडावर आलेली आणि देवळाचा भोंगा नेमका आमच्या खिडकीकडे वळलेला. पहाटेपासून भजनं. पोरगी कानात कापूस कोंबून रसायनशास्त्र घोकायची. भोंगा बंद करा म्हटलं तर लोक नास्तिक म्हणतील, याची मला धास्ती. म्हटलं, देवाच्याच तोंडून वदवावं. पारावर जाऊन डोळे अर्धवट मिटले नि सांगितलं, "मारुतीराया आले होते. दोन्ही कान धरून बसले होते. म्हने, लई दुखून राह्यले."

मंडळी भोंग्याकडे बघतील असा माझा अंदाज. त्यांनी माझ्याकडे बघितलं. देवळाची व्यवस्था पाहणारे काका, म्हणजे अख्ख्या गावाचेच काका, हात जोडून उभे राहिले.

"देवाले तरास होऊन राह्यला म्हंजे आपलीच सेवा कमी पडली. सप्ताह बसवा!"

शेजारच्या गावातून आणखी दोन भोंगे आले. आणि देव ज्याच्या स्वप्नात आला, पहिली वीणा त्याच्याच गळ्यात.

सप्ताहात वीणा खाली ठेवता येत नाही; दुसरा घेईपर्यंत उभं राहायचं. मी नव्या भोंग्याच्या बरोबर खाली. येणारा-जाणारा वीणेकऱ्याच्या पाया पडतो. खोटं कशाला बोलू, पहिली चार-दोन डोकी पायाशी आली तेव्हा मला बरं वाटलं. एका म्हातारीला तर मी आशीर्वादही देऊन टाकला.

तेवढ्यात पोरगी पुस्तक हातात घेऊन देवळात आली. माझ्याकडे ढुंकूनही न बघता थेट काकांपुढे गेली.

"काका, उद्या माहा पेपर हाये. आवाज कमी करता का?"

काकांनी तिन्ही भोंग्यांची पिनच उपटली. भजन नुसत्या टाळांवर चालू राहिलं, आणि किती गोड लागलं ते!

"आधी काऊन नाही सांगतलं, माय? तुही परीक्षा आमाले परकी हाये का?"

"बाबांनी निरोप पाठोला होता न. मारुतीच्या हातून."

काका सावकाश माझ्याकडे वळले. गळ्यात वीणा, त्यामुळे पळायचीही सोय नाही.

"जाय माय, अभ्यास कर," ते पोरीला म्हणाले. मग मला आपादमस्तक न्याहाळलं. "पोट्टी पास होईन. तुह्यं काही खरं नाही."