पट्टीवर चढलेलं ऑइल

इंजेक्टरला आम्ही नोझलच म्हणतो. इंजिनात डिझेलचा बारीक फवारा मारणं हे त्याचं काम. उमरेड रोडवरच्या माझ्या दुकानात मी कित्येक वर्षं तेच तपासत आलोय. तरी त्या एका ट्रकचा विषय निघाला, की अजून हात थांबतात.

वीज केंद्राची राख वाहणारा ट्रक होता. ड्रायव्हर मौद्याचा, चाळिशीतला, माझं जुनं गिऱ्हाईक. सकाळी पांढरा धूर आणि इंजिनात खडखड, अशी तक्रार. चालू इंजिनावर मी एकेका नोझलच्या पाइपाचा नट ढिला करत गेलो. तिसऱ्याचा केला तशी खडखड थांबली. ते नोझल काढून टेस्टिंगला लावलं, तर टोकावर थेंब धरत होतं. नवं बसवलं. खडखड गेली, धूरही गेला.

निघताना तो म्हणाला, "मिस्त्री, ऑइल काहून वाढून राहिलं गा? पट्टीवर पाहतो तं निशाणीच्या वर."

मागे तीन गाड्या खोळंबल्या होत्या. "तूनंच जास्त टाकलं असन," मी म्हणालो.

ऑइल मोजायची ती पट्टी नाकाशी नेली असती तरी डिझेलचा वास आला असता. गळकं नोझल डिझेल खाली ऑइलमध्ये सोडतं, ऑइल पातळ होतं, आणि मग आतलं लोखंड लोखंडाला खातं. नोझल बदललं तरी ते ऑइलही बदलावंच लागतं. हे मी दुसऱ्यांना शिकवतो.

आठव्या दिवशी, भर दुपारी, मौद्याच्या अलीकडे चालत्या रस्त्यात इंजिन जाम झालं. तो उतरून चाकामागे दगड लावत होता. मागून आलेल्या टेम्पोनं त्याला ट्रकवर दाबलं. उजवा पाय मांडीतून कापावा लागला.

इंजिन उघडायला माझ्याकडेच आलं. बेअरिंगं जळालेली, तिसऱ्या सिलिंडरला आतून ओरखडे. उरलेलं ऑइल बोटावर घेतलं, तर ते पाण्यासारखं ओघळलं.

मी त्याच्या घरी गेलो. खाटेवरून तो बायकोला सांगत होता, "मिस्त्रीनं तं सांगतलंच होतं. मीच ऑइल जास्त टाकलं."

मी चहा प्यालो आणि परत आलो.

त्यानंतर ती खडखड मला कुठेही ऐकू येऊ लागली. जेवताना, आंघोळ करताना, दुकानातली सगळी इंजिनं बंद असताना. धड चाललेल्या गाडीचंही मी नोझल काढून पाहायचो. माझी बायको म्हणायची, "काही वाजून नाही राहिलं."

दोन महिन्यांनी पुन्हा त्याच्या घरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

"तुले हलकं वाटलं असन आता," तो म्हणाला. "मले माझीच चूक वाटे, तेच बरं होतं गा. सवय झाली होती. आता तुह्यावरचा राग मी कुठी ठेवू?"

मी उठलो. त्याची बायको दारापर्यंतही आली नाही.

हल्ली तो एका वजनकाट्यावर बसतो. तिथून जाताना मी दर वेळी हात वर करतो. तो काट्यावरच्या ट्रककडे पाहत राहतो.