कृष्णाबाईंची आखणी

आमच्या हमरापुरातल्या कारखान्यात बायकांनी गणपती घासायचे, पितांबर रंगवायचं, उंदराची शेपटी सुद्धा काढायची. डोळे मात्र पुरुषानेच काढायचे. त्याला आखणी म्हणतात. कृष्णाबाईंना लग्न होऊन आल्यापासून आखणी करायची होती आणि त्यांचा दीर महिपती, कारखान्याचा मालक, ब्रशाला हात लावू देत नव्हता. त्यांच्या शेजारी बसून मुकुट रंगवताना मलाच त्याचा राग यायचा.

एका श्रावणात रोह्याच्या एका शिक्षिकेने विज्ञान प्रदर्शनासाठी शाडूचे दोन प्राणी सांगितले, कांगारू आणि गोगलगाय. प्राणी एकमेकांपासून किती वेगळे असू शकतात, ते मुलांना दाखवायचं होतं. एकीच्या पोटाशी पिशवीत पिल्लू, दुसरीच्या पाठीवर शंख. एक हाडापेराची, उड्या मारणारी, दुसरीच्या अंगात हाड नावाला नाही. महिपतीने दोन्ही झकास घडवले. आखणीला बसला आणि सवयीचा हात नडला. दोघांनाही लांबट, अर्धे मिटलेले, प्रसन्न डोळे. गोगलगाईला तर थेट तोंडावर!

शिक्षिका न्यायला आल्या आणि म्हणाल्या, "अहो, ही कांगारू आशीर्वाद देतेय!"

आम्ही बायका पोट धरून हसलो. महिपती भडकला. "माझ्या हातून याहून वेगळं व्हायचं नाय."

"मग मी करते," कृष्णाबाई म्हणाल्या.

"वयनी, डोळा चुकला तं सगळं फुकट जाईल."

"जाऊ दे. आत्ता तरी कुठं धड हाय?"

त्यांनी दोन्ही प्राण्यांचे रंगवलेले डोळे पुसून काढले. मागच्या ओल्या भिंतीवरची गोगलगाय उचलून पाटावर ठेवली आणि वाट बघत बसल्या. तिने हळूच शिंगं बाहेर काढली. लांब शिंगांच्या टोकांना डोळे होते. कृष्णाबाईंनी मातीच्या शिंगांवर तिथेच काळे ठिपके दिले. मग शिक्षिकेच्या पुस्तकातलं कांगारूचं चित्र निरखलं. "हिला भक्ताकडं बघायचं नाय गो," मला म्हणाल्या, "कोण धरायला येतंय ते बघायचंय." डोक्याच्या दोन्ही बाजूंना गोल, काळेभोर डोळे उमटले आणि कांगारू जागी झाली. खरंच सांगते, माझ्या अंगावर काटा आला.

शिक्षिकेने तर टाळ्याच वाजवल्या. महिपतीने दोन्ही प्राणी फिरवून फिरवून पाहिले. मग आत गेला आणि पेणच्या मंडळाचा मोठा गणपती दोघा गड्यांकडून उचलून आणून कृष्णाबाईंच्या पुढ्यात ठेवला.

"वयनी, आता याचे काढा."

कृष्णाबाईंनी पदर खोचला, ब्रश रंगात बुडवला.

"भावजी, जरा सरका," त्या म्हणाल्या. "उजेड अडतोय."